यादीत नाशिक नाही, मुंबईही नाही. मग टाइम झोन कोणता निवडायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: परदेशी खरेदीदाराच्या पोर्टलवर खातं उघडलंत, प्रोफाइलमधल्या टाइम झोनच्या यादीत ना नाशिक सापडलं ना मुंबई, म्हणून 'जीएमटी +५' निवडलंत, आणि आता प्रत्येक मेसेजची वेळ अर्धा तास मागे दिसतेय. लॅपटॉपचं घड्याळच अर्धा तास पुढे सरकवलं तर चालेल का, असंही विचारलंय.

घड्याळाला हात लावू नका. यादीत 'एशिया/कोलकाता' शोधा, ते निवडा आणि सेव्ह करा. जुन्या पोर्टलवर तेच 'कलकत्ता' म्हणून असेल. नाव २००८ साली बदललं, पण जुनंही चालतं. विंडोजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी चारही नावं एकाच ओळीत असतात. नाशिकला कोलकाता कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण अख्ख्या देशाची वेळ एकच असल्यानं यादीत एकाच मोठ्या शहराचं नाव ठेवलेलं असतं.

तुम्ही निवडलेली +५ ही पाकिस्तानची वेळ. आपण साडेपाचवाले, नेपाळ तर पावणेसहावाला. काही याद्यांमध्ये +५:३० समोर श्री जयवर्धनेपुरा दिसेल, ते श्रीलंकेचं. आज त्यांची-आपली वेळ एक आहे, तरी ते घेऊ नका. त्यांनी १९९६ मध्ये घड्याळ पुढे नेलं होतं आणि २००६ मध्ये पुन्हा साडेपाचावर आणलं. टाइम झोन म्हणजे नुसता आकडा नसतो. त्या जागेनं घड्याळ कधी, किती हलवलं याचा सगळा हिशोब त्या नावामागे असतो. म्हणून आकड्याच्या मागे न लागता जागेचं नाव निवडायचं. 'ईटीसी/जीएमटी' असं लिहिलेल्या पर्यायांकडे तर बघूच नका. तिथे चिन्हं उलटी असतात, म्हणजे 'उणे ५' लिहिलेलं असतं ते पाच तास पुढे असणाऱ्यांसाठी, आणि अर्ध्या तासाची सोय तिथे मुळातच नाही.

आता घड्याळ का सरकवायचं नाही ते सांगतो. समजा खरेदीदाराचा मेसेज आपल्याकडच्या सकाळी अकराला आला. पोर्टलचा सर्व्हर तो यूटीसीप्रमाणे (म्हणजे जीएमटीसारखीच, जगभर मोजणीसाठी धरलेली मूळ वेळ) ५:३० अशी नोंद करून ठेवतो आणि दाखवताना तुमच्या प्रोफाइलमधल्या झोनचे तास त्यात मिळवतो. पाच मिळवले की साडेदहा, साडेपाच मिळवले की अकरा. या सगळ्यात तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाला कोणी विचारतच नाही, त्यामुळे ते पुढे केलं तरी पोर्टलवर साडेदहाच दिसणार. वर नवीन भानगडी सुरू होतील त्या वेगळ्याच. लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड तयार करणारं ॲप) लॅपटॉपवरच ठेवला असेल, तर त्याचे दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे घड्याळावरूनच काढले जातात. घड्याळ अर्धा तास चुकलं की कोड प्रत्येक वेळी 'अवैध'. फोनवर एसएमएसनं येणाऱ्या ओटीपीला हे लागू नाही.

झोन बदलल्यावर जुन्या मेसेजच्या वेळाही अर्धा तास पुढे दिसू लागतील. घाबरू नका, मूळ नोंद जशीच्या तशी असते, फक्त ती आता बरोबर वाचली जातेय.

मी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रं बघतो, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो. आपला द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच युरोपचं घड्याळ बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये हा मार्चचा रविवार २९ तारखेला आहे, आणि बदल होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रॉटरडॅमचा माणूस रोज त्याच्या सकाळी दहाला कॉल घेत असेल, तर शनिवारपर्यंत तो आपल्याकडे दुपारी अडीचला असतो आणि सोमवारपासून दीडला. त्यानं काहीच बदललेलं नसतं, आणि आपण अडीचला लॅपटॉप उघडून बसतो तोवर कॉल संपलेला. प्रोफाइलमध्ये 'कोलकाता' असेल आणि त्याच्या खात्यात 'ॲमस्टरडॅम', तर कॅलेंडर हा फरक आपोआप सांभाळतं. मात्र कॉलचं आमंत्रण त्याच्या खात्यातून आलेलं असावं. 'रोज अडीचला' असं तुम्ही तुमच्या बाजूनं टाकलंत, तर ते अडीचलाच चिकटून राहील. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, त्यामुळे तिथलाही ग्राहक असेल तर मार्चमध्ये तीन देशांचं गणित दोनदा बिघडतं.

काही जुन्या पोर्टलवर झोनखाली 'डेलाइट सेव्हिंग' किंवा 'समर टाइम' असा चौकोन असतो. तिथे टिक नको. भारतात असा बदल होत नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र घड्याळं तासभर पुढे केली होती. 'कोलकाता' निवडूनही वेळ बरोबर एक तास पुढे दिसली, तर चोर बहुधा त्याच चौकोनात असतो.

मेलमध्ये वेळ कळवताना नुसतं 'आयएसटी' लिहू नका, हा माझा आग्रह समजा. आयर्लंड आणि इस्रायलवालेही आपापल्या वेळेला तेच म्हणतात. 'भारतीय वेळ, यूटीसी +५:३०' असं लिहिलं की पुढच्याला विचारायला जागा उरत नाही.

आणि नाशिकचं नाव यादीत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. आपली वेळ ठरते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावरून. नाशिक त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं; म्हणजे वर्षाची सरासरी धरली तर रामकुंडावर सूर्य माध्यान्हीला येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर. देशाची एक वेळ १९०६ मध्ये ठरली, तरी मुंबईनं ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती. प्रत्येक गावाचा असा हट्ट चालला असता, तर नाशिकहून गाडी पकडताना तुम्हाला दोन घड्याळं लागली असती.

झालं की एक खात्री करा. पोर्टलवरून स्वतःलाच एक मेसेज पाठवा आणि त्यावर पडलेली वेळ फोनच्या घड्याळाशी ताडून बघा. फोनवर तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'आपोआप' चालू असू द्या. दोन्ही जुळत असतील तर काम झालं. तरीही साडेतीन-साडेचार तासांचा फरक दिसत असेल, तर ऑफिसचा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) चालू आहे का बघा. काही साइट्स झोन स्वतःच ओळखायला जातात आणि व्हीपीएनचा सर्व्हर युरोपात असला की तुम्हालाही तिथलेच धरतात. अशा ठिकाणी 'आपोआप ओळखा' बंद करून कोलकाता हातानं निवडावं लागतं.