फाइल बिघडली की हार्डडिस्क?

भाऊ, डेबसम्सनं (डेबियन-उबुंटूत टाकलेल्या पॅकेजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, फाइली मूळ फाइलींशी जुळतात का ते तपासणारं टूल) दोन-चार फाइली ‘फेल्ड’, म्हणजे न जुळणाऱ्या, दाखवल्या म्हणून लगेच पॅकेज पुन्हा टाकत बसू नको. डिस्कच खराब असेल तर नवी फाइलही उद्या सडेल. आधी बॅकअप, तोही वेगळ्या डिस्कवर.

मग स्मार्टसीटीएल चालव, ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. वरती ‘पास्ड’ लिहिलेलं असतं, त्यावर माझा तरी भरवसा नाही. खालच्या यादीतले आकडे वाच, तिथं प्रत्येक बाबीला एक नंबर असतो. 197, म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या संशयास्पद जागा), शून्याच्या वर असेल तर तिथलं डिस्कला नीट वाचता येत नाहीये. तो किंवा 5 नंबरचा रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) वाढत चालला असेल, तर नवी डिस्क घे. फक्त 199, म्हणजे डेटा पाठवतानाच्या चुका, वाढतोय? मग बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल खराब. नागपुरात सीताबर्डीत स्वस्तात मिळते. केबल बदलल्यावर जुना आकडा शून्य होत नाही, वाढायचा थांबला की झालं.

मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश, तेव्हा 194 नंबरचं डिस्कचं तापमानही बघत जा.

डिस्क स्वच्छ निघाली तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लाव, रॅमही फाइली बिघडवते. तीही ठीक असेल, तर आता ॲप्ट या पॅकेज टाकणाऱ्या कमांडनं ते पॅकेज खुशाल रीइन्स्टॉल कर.