रॅमवरचे चार आकडे म्हणजे नक्की काय?

प्रश्न : माझ्या जुन्या पीसीत डीडीआर४ ३२०० रॅम आहे, त्यावर १६-१८-१८-३८ असं छापलंय. आता नवीन पीसी असेंबल करतोय, त्यात डीडीआर५ ६००० घ्यायचा विचार आहे पण तिचं सीएल (म्हणजे पहिला आकडा, माझ्या रॅमवर १६) ३० आहे, म्हणजे जवळपास डबल. मग नवीन रॅम जुन्यापेक्षा स्लो पडेल का?

उत्तर : नाही पडणार, बिनधास्त घ्या. हे आकडे म्हणजे वेळ नाही, क्लॉकच्या सायकल (रॅम ज्या ठोक्यांवर चालते ते ठोके) आहेत, आणि स्पीड वाढला की एकेक सायकल छोटी होत जाते, त्यामुळे नुसतं १६ आणि ३० शेजारी ठेवून काहीच कळत नाही. हिशोब सोपाय. सीएलला २००० ने गुणा, रॅमच्या स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात. तुमची जुनी रॅम : १६ गुणिले २००० म्हणजे ३२,०००, भागिले ३२००, आले १०. नवीन : ६०,००० भागिले ६०००, परत १०च! म्हणजे पहिला डेटा यायला तेवढाच वेळ, पण एकदा सुरू झाला की तो जवळपास दुप्पट वेगाने येतो. तीच ६००० सीएल ४० मध्ये घेतलीत तर १३.३ होतात, तेव्हा सीएलची तुलना करायची ती सेम स्पीडच्या रॅममध्येच.

आता बाकीचे आकडे. रॅममध्ये डेटा रो आणि कॉलममध्ये असतो. हवी ती रो आधीच उघडी असेल तर फक्त सीएलएवढं थांबावं लागतं. पण दुसरीच रो उघडी असेल तर आधी ती बंद करा (टीआरपी, १८), मग हवी ती उघडा (टीआरसीडी, १८), मग कॉलम वाचा (१६), झाल्या ५२ सायकल, म्हणजे तुमच्या रॅमवर ३२.५ नॅनोसेकंद. म्हणूनच मी म्हणतो की फक्त सीएल बघून रॅम घेऊ नका, मधले दोन आकडे पण बघा. शेवटचा ३८ म्हणजे टीआरएएस, रो किमान तेवढ्या सायकल उघडी ठेवावी लागते.

आणि बजेट कमी असेल तर टायमिंगच्या आधी जीबी वाढवा. रॅम कमी पडून डेटा एसएसडीवर जायला लागला की तिथे नॅनोसेकंदाचा हिशोबच उरत नाही.

प्रश्न : ३२०० ची रॅम लावली पण सीपीयू-झेडमध्ये (पीसीतल्या पार्टची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) १०६६ दाखवतंय. रॅम डुप्लिकेट आहे का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. तिथे खरा क्लॉक दिसतो आणि डीडीआर एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते, म्हणजे तुमची रॅम आत्ता २१३३ वर चालतीय. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालवणारं सेटिंग, ऑन करा, सेव्ह करा, मग साधारण १६०० दिसायला पाहिजे. त्यानंतर पीसी हँग व्हायला लागला तर स्पीड एक पायरी खाली घ्या, २९३३ वर. आणि दोन वेगवेगळ्या स्टिक लावल्या असतील तर दोन्ही हळू असलेल्या स्टिकच्याच स्पीडने चालतात, तेही एकदा चेक करा.