आधी चढ मोजा, मग रस्ता आखा

प्रश्न : पाच हजार वस्तीचं मनासारखं गाव कागदावर बसवतोय. मध्ये गोल चौक, तिथून निघणारे आठ रस्ते, प्रत्येक घराला ५०० चौरस मीटर जागा आणि सगळं पायी पाच मिनिटांत. घरं काही मावत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : हिशेब. पाच मिनिटांत माणूस साधारण ४०० मीटर चालतो. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात ५० हेक्टर जमीन येते. त्यातली १३ रस्त्यांना, ६ मैदानांना आणि बागांना, आणखी ६ शाळा, दवाखाना, बाजार, कारखाने यांना दिली की उरली २५. घरटी चार माणसं धरली तर घरं १,२५०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २०० चौरस मीटर. तुमच्या मापाने नुसत्या घरांनाच साडेबासष्ट हेक्टर लागतील. तेव्हा जागा आखडती घ्या, काही घरं एकावर एक चढवा, नाहीतर पाच मिनिटांचा हट्ट सोडा.

आठ रस्त्यांचा चौकही मोडाच. दोन रस्त्यांच्या बेचक्यात त्रिकोणी तुकडे पडतात, त्यात घर धड बसत नाही. शिवाय आठ बाजूंनी येणारी वाहनं चुकवत चौक ओलांडायचा कसा?

नवा नकाशा १:२००० प्रमाणात घ्या. ४०० मीटर म्हणजे २० सेंटिमीटर. रस्त्यांआधी त्यावर दर एक मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढा. मग रस्ता आखताना पट्टी लावून बघा: रस्त्यावर दोन रेषांमधलं अंतर एक सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं, तर चढ २० मीटरला एक मीटरहून जास्त आहे. सायकलवाल्याला तो दमवतो, चाकाच्या खुर्चीला तर फारच जड जातो. तिथे रस्ता तिरपा वळवा. गल्ल्या वेड्यावाकड्या दिसल्या तरी चालेल, पण बंद ठेवू नका. नाहीतर मागच्या घरी जायला अख्खा वळसा पडतो.

प्रश्न : सांडपाण्याचं काय? नकाशात ते दाखवावं लागतं का?

उत्तर : सगळ्यात आधी. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पाच हजारांना पावणेसात लाख लिटर पाणी लागतं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के, म्हणजे ५.४ लाख लिटर, गटारात येतं. ते उतारानेच वाहणार. घरांजवळच्या सहा इंची नळाला १०० मीटरला एक मीटर उतार धरा. सपाट जमिनीवर ३०० मीटर नळ नेलात की शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा तीन मीटर खोल जातं; पुढे खोदाई परवडत नाही, पंप बसवावा लागतो आणि वीज गेली की मैला तुंबतो. म्हणून मुख्य नळ नैसर्गिक उताराने न्या, शुद्धीकरणाची जागा सगळ्यात सखल भागात, वारा गावावरून जिकडे वाहत जातो त्या अंगाला ठेवा. पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र उंचावर. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब मिळतो.

प्रश्न : गाव वाढत सुटू नये म्हणून भोवती हिरवा पट्टा काढला तर पुरे?

उत्तर : नुसता रंग भरून नाही. इंग्रज नगररचना विचारवंत एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये ३२,००० वस्तीच्या उद्याननगराची कल्पना मांडली, तेव्हा ६,००० एकरांपैकी गावाला फक्त १,००० एकर दिले, बाकी शेतीला. त्यात खरी मेख मालकीची होती. जमीन सामाईक, घरं भाडेपट्ट्यावर, वाढलेलं भाडं गावाच्याच कामाला. १९०३ मध्ये इंग्लंडात लेचवर्थ त्याच विचारावर सुरू झालं. पट्ट्याचे तुकडे वेगवेगळ्या मालकांकडे राहिले, तर भाव चढताच एकेक विकला जातो. तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहून ठेवा: पट्टा कोणाच्या नावावर आणि पाच हजार एकाव्या माणसाचं घर कुठल्या नव्या गावात.