दोन मशिनवरच्या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका

वडिलांचा गेल्या वर्षीचा एमआरआय 1.5 टेस्लाच्या मशिनवर झाला, यंदाचा दुसऱ्या सेंटरमध्ये 3 टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशिनच्या चुंबकाची ताकद). सॉफ्टवेअरने काढलेलं हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचं, आकारमान यंदा 6 टक्क्यांनी कमी आलंय, म्हणजे आजार वाढला का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण मेंदूच्या एमआरआयवरून मोजमापं काढणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. एवढ्यावरून आजार वाढला असं अजिबात धरू नका.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण 3 ते 5 टक्के आकसतो, निरोगी म्हातारपणात एक-दीड टक्का. आता मोजणीचं गणित बघा. हिप्पोकॅम्पस म्हणजे 4 सेंटिमीटर लांब, साडेतीन घन सेंटिमीटरची सुरनळी समजा. तिची कड सगळीकडून फक्त 0.1 मिमी आत धरली, तरी आकारमान 4 टक्क्यांनी घटतं. आणि एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका असतो साधारण 1 मिमीचा! कड कुठे धरायची हे करड्या-पांढऱ्या भागांतल्या उजेड-अंधारावरून ठरतं आणि तो फरक टेस्ला बदलला की बदलतो, कंपनी बदलली की बदलतो. शिवाय मशिनच्या मध्यापासून डोकं जरा बाजूला असेल तर चित्र किंचित ताणलं जातं, आणि ते सरळ करायची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. स्कॅनमध्ये डोकं हललं तर करडा भाग असतो त्यापेक्षा कमी भरतो.

सॉफ्टवेअरचंही तेच. फ्रीसर्फर या मेंदूची मोजमापं काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर तेच स्कॅन पुन्हा मोजून पाहिल्याचा अभ्यास 2012 साली छापून आला. आकारमानांत सरासरी 8.8 टक्के फरक निघाला. मेंदू तेच, चित्रंही तीच.

संशोधनात मशिनचा फरक काढून टाकायला कॉम्बॅट नावाची पद्धत वापरतात. पण तिला प्रत्येक मशिनवरची बरीच माणसं लागतात, एकट्या वडिलांसाठी ती कामाची नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने तर आपल्या सगळ्या केंद्रांत एकाच मॉडेलची मशिनं बसवली, ती याच काळजीपोटी.

तुम्ही दोन्ही सेंटरमधून फिल्म नव्हे, डायकॉमची (म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्सची) सीडी घ्या. रेडिओलॉजिस्टना दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून डोळ्यांनी बघायला सांगा. पुढचा स्कॅन यंदाच्याच मशिनवर, त्याच सेटिंगवर करा, आणि मधल्या काळात मशिन किंवा सॉफ्टवेअर अपग्रेड झालंय का ते आधी विचारा. तुलना यंदाच्या आणि पुढच्या स्कॅनची करायची. गेल्या वर्षीचा आकडा त्यात धरू नका.

आणि एक. बाबा हल्ली गॅस बंद करायला विसरतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, आणखी काय विसरतात, हे लिहून न्या आणि न्यूरोलॉजिस्टना रिपोर्ट दाखवण्याआधी ते सांगा. स्मरणशक्तीची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. तिच्यासाठी पुढच्या स्कॅनची वाट बघू नका.