बीसीजी की 'बदललेले' जिवाणू? (सासऱ्यांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल)

ताई, प्रश्न नीट कळला. सासऱ्यांच्या मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली. आता डॉक्टर बीसीजी, म्हणजे टी.बी.ची लस, मूत्राशयात सोडायची म्हणताहेत. आणि मुलाने व्हिडिओ दाखवलाय की जनुकं बदललेले जिवाणू कॅन्सर खाऊन टाकतात, मग ही शंभर वर्षांपूर्वीची लस कशाला? मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि वडिलांना हेच उपचार झाले. त्यामुळे पुढचं अर्धं पुस्तकातलं आहे, अर्धं आमच्या बाथरूममधलं.

व्हिडिओत सांगतात ते खोटं नाही. मोठ्या गाठीच्या गाभ्यात रक्त धड पोचत नाही, प्राणवायू नसतो, पेशी मरून पडलेल्या असतात आणि शरीराचे पहारेकरीही तिथे ढिले असतात. काही जिवाणूंना अशी जागा म्हणजे माहेरच. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची दोन जनुकं काढून 'व्हीएनपी २०००९' नावाचा वाण केला होता. उंदरांमध्ये तो निरोगी अवयवांपेक्षा गाठीत हजारपट साठायचा, गाठीची वाढ रोखायचा. मग तो माणसांना शिरेतून दिला. २००२ साली निकाल आला: २५ रुग्ण, एकाचीही गाठ लहान झाली नाही. गाठीत जिवाणू सापडले तेही मोजक्या तिघांच्या, आणि तेही सर्वांत मोठ्या डोसांवर.

असं का झालं, यावर अजून वाद आहेत. मला पटतं ते असं, की उंदराला टोचलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत फोफावते, तर माणसाची वर्षानुवर्षं मुरत वाढते. आतली रचनाच वेगळी. शिवाय जिवाणू सुरक्षित करताना त्याच्या आवरणातलं विषारी टोक बोथट केलं होतं. ज्या दाहामुळे गाठीचे दरवाजे उघडतात, तो दाहही त्याबरोबर गेला असावा.

आणि जिवंत औषधाचा डोस ही मोठी पंचाईत. विरजण घालताना चमचा किती मोठा यापेक्षा दूध किती कोमट यावर दही ठरतं ना, तसंच हे. किती टोचलं ते आपल्या हातात, आत किती वाढेल ते नाही. यावरची एक युक्ती मला फार आवडते. अमेरिकेत काहींनी असे जिवाणू घडवले की गाठीत पुरेशी गर्दी झाली की बहुतेक फुटतात, पोटातलं औषध तिथेच सांडतात, आणि उरलेले थोडे पुन्हा वाढू लागतात. बुद्धी वापरावी तर अशी! पण आज तुम्हाला दुकानात मिळेल असं त्यातलं काहीच नाही.

आता बीसीजी. 'बदललेली' म्हणाल तर तीही आहे, फक्त जनुकाला कोणी हात लावला नाही. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांच्या टी.बी.चा जंतू बैलाचं पित्त घातलेल्या बटाट्यावर १३ वर्षांत २३० वेळा वाढवला. तेवढ्यात त्याच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला आणि तो निवळला. १९७६ मध्ये कॅनडात डॉक्टर मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात ती सोडून पाहिली. १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बीसीजी कॅन्सर 'खात' नाही. ती मूत्राशयाच्या अस्तरात भांडण लावते आणि प्रतिकारशक्तीला तिथे बोलावते. म्हणूनच ती स्नायूत न शिरलेल्या, वरवरच्या कॅन्सरसाठी आहे. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहिलंय ना, आणि स्नायूचा तुकडा तपासणीत आला होता ना, हे आधी विचारा.

मुलाला सांगायला एक गंमत. जनुकं बदललेली बीसीजीसुद्धा आहे: 'व्हीपीएम १००२'. मूळ बर्लिनची, पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतली. हिच्यातलं एक जनुक काढून लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूचं एक घातलंय, त्यामुळे पेशीने गिळल्यावर ती प्रतिकारशक्तीला जागं करायला जास्त बोंब मारते. जुन्या बीसीजीनंतरही कॅन्सर परतलेल्या चाळीसेक रुग्णांना स्वित्झर्लंड-जर्मनीत ती दिली. वर्षभराने निम्म्यांच्या आसपास लोकांच्या मूत्राशयात तो परतला नव्हता. चांगलंच आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. सासऱ्यांची पहिलीच वेळ आहे, त्यांनी जुनीच घ्यावी असं माझं मत.

साधारण आठवड्याला एक असे सहा डोस, मग रिपोर्टनुसार पुढचे. नळीतून सोडतात, दोन तास लघवी धरायची. त्यानंतर सहा तास बसूनच करायची, कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं, मग फ्लश. वडील आधी चिडायचे, नंतर स्वतःच घड्याळ लावून बसायचे. लघवीत रक्त दिसत असेल किंवा नळी घालताना जखम झाली तर डोस पुढे ढकलतात. घाई करू नका. जळजळ, एखाद दिवस कसकस चालते. पण ताप १०१ च्या वर गेला, उतरेना, थंडी वाजू लागली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी तपासलं तर 'बीसीजी दिली आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. लशीतला जंतू अंगात पसरला तर टी.बी.च्या गोळ्या लागतात, आणि नेहमीच्या गोळ्यांपैकी पायराझिनमाइड या जंतूवर चालत नाही.