शनिवार-रविवारी सोलापुरातच राहा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बँकेतली पहिलीच नेमणूक सोलापूरला झाली, खोली मिळाली, डब्याची सोय झाली, हे वाचून बरं वाटलं. पण "इथे बघण्यासारखं काही नाही, म्हणून शुक्रवारी रात्रीच पुण्याची गाडी धरते" असं लिहिलंयस, त्यावर मला बोलायलाच हवं. माझी सगळी नोकरी याच गावातल्या बँकेत झाली. यंत्रमागांच्या कर्जांची कामं बघता बघता गल्ल्या पायाखालून गेल्या. या गावावर माझा जीव आहे, तेव्हा पत्र लांबेल.

सोलापूर हे कष्टकऱ्यांचं गाव आहे, हे आधी मनात पक्कं कर. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन पूर्व भागात स्थिरावले. कन्नड बोलणारे व्यापारी आणि कारागीर तर आधीपासूनच होते. पाळीच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि झोपायचं. गिरण्या बंद पडल्या, पण सवयी राहिल्या. इथलं खाणं, बाजाराच्या वेळा, रात्रीची वर्दळ या सगळ्यांवर कामाला जाणाऱ्या माणसाच्या सोयीची छाप आहे. म्हणून कुठेही जाण्याआधी एवढं विचारत जा: इथे राबतं कोण, आणि त्यांना सवड कधी असते? ती वेळ साधलीस तर हेच गाव तुला वेगळं दिसेल. भर दुपारी बाहेर पडून गाव रिकामं आहे म्हणणं बरोबर नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी सोलापूरकरही घराबाहेर पडत नाही.

सुरुवात पूर्व भागापासून कर. कामाच्या दिवशी सकाळी सुट्टी मिळाली तर अशोक चौक, साखर पेठ, दत्तनगर असं चालत जा. रस्त्यावरून जाताना दाराआडून मागांची खटखट ऐकू येईल. एकदम आत शिरू नकोस, दारात थांबून विचार. बायकांना "अक्का" म्हण. तेलुगूतली दोन-चार वाक्यं शिकलीस तर चहा मिळाल्याशिवाय सुटका नाही. आत चादरीचा माग चालू असेल तर त्यावरचं जेकार्ड बघ. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत असते आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जाऊन नक्षी उमटते. चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. हे डोळ्यांनी बघितलंस की दुकानात तुला कुणी फसवू शकणार नाही.

कारण फसवणूक होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसऱ्या गावात विणलेला माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो. चादर घेताना उलटून बघ, हातात तोलून बघ, सुताची आहे का ते विचार आणि शक्यतो विणणाऱ्याच्याच दुकानातून घे. आता चादरीपेक्षा टॉवेलचे माग जास्त आहेत, तेव्हा घरी न्यायला टॉवेलही चांगले. घासाघीस कर, पण विणणाऱ्याशी बेताने. सुताचा भाव वाढला की पहिला फटका त्यालाच बसतो, हे मी कर्जांच्या कागदांवर पाहिलंय.

त्याच भागात उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. मांडीवर सूप, कात्रीने मापात कापलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, वर दोऱ्याची गाठ. बोट कधी थांबत नाही, कारण मजुरी हजार विड्यांवर ठरते. फोटो काढू नकोस. शेजारी बसायला सांगितलं तर बस आणि त्यांच्याशी बोल. गावाबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची हजारो घरांची वसाहत उभी राहिली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. ती कशी मिळवली हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

आता खाणं. तू "तिखट सोडून काय मिळतं?" असं विचारलंयस. कडक भाकरी खा. ज्वारीची, पातळ थापून, वाळेपर्यंत भाजलेली. ही भाकरी बरेच दिवस टिकते. शेतावर, पाळीवर, प्रवासात नेता यावी म्हणूनच ती अशी झाली. नुसती चावू नकोस. वाटीत चुरून त्यावर आमटी किंवा दही घाल, थोडं मुरू दे, मग खा. ज्वारी आपल्या जिल्ह्याची, त्यातही मंगळवेढ्याची मालदांडी. तिलाही मानांकन आहे. शेंगा चटणी घेताना कुटलेली मिळते का ते बघ. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ एवढंच तिच्यात असतं, पण कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटलं तरच चव येते. चिमटीत दाबलीस की गोळा व्हायला हवा. कोरडी भुकटी असेल तर ठेवून ये. सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला कर, तुझ्या छोट्या शेगडीवरही दहा मिनिटांत होते. मटण खात असशील तर भाकरीबरोबरच खा, भाताबरोबर त्याची मजा जाते.

पण आपलं खरं खाणं हॉटेलात नाही, सणात आहे. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या कधी आहे ते कॅलेंडरात बघून ठेव आणि त्या दिवशी ऑफिसात कुणी शेतावर बोलावलं तर नाही म्हणू नकोस. शेतात पूजा होते, मग झाडाखाली बसून भज्जी, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), बाजरीची भाकरी, खीर आणि मडक्यातलं गार आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नकोस, ती रानभाज्या आणि ओल्या दाण्यांची घट्ट भाजी असते. पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात, इतकी माणसं रानात गेलेली असतात. लगेच संक्रांत येते आणि घरोघर शेंगा पोळी होते. तुझी घरमालकीण करत असेल तर तिच्या हाताशी बस. पोळी फुटू न देता लाटणं बघून शिकावं लागतं.

बाजाराला वेळ राखून जा. लक्ष्मी मंडईत सकाळी, भाजी ओली असताना. कापडासाठी चाटी गल्ली आणि फलटण गल्ली, तिथे ठोक व्यापार चालतो म्हणून सकाळच्या घाईत एकेरी गिऱ्हाइकाकडे कुणी लक्ष देत नाही, तिथे दुपारनंतर जा. नवी पेठ संध्याकाळची. मधल्या मारुतीजवळ पूजेच्या सामानापासून भांड्यांपर्यंत सगळं मिळतं. थंडीत एकदा सकाळी मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघायला जा, ओळखीचा कुणी शेतकरी किंवा अडत्या बरोबर घेऊन. कर्नाटकातूनही गाड्या येतात. शेतकरी रात्रभर गाडीवर झोपलेला असतो आणि त्याच्या वर्षभराच्या पिकाचा भाव काही क्षणांत ठरतो. तो माणूस लिलावानंतर पट्टीकडे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीकडे, कसा बघतो ते नीट पाहा. तू बँकेत आहेस, उद्या त्याच माणसाचं कर्जखातं तुझ्या टेबलावर येणार आहे.

रात्रीचं विचारलंस. पब आणि नाचगाणं शोधशील तर निराश होशील, पण सोलापूर रात्री जागं असतं. सात रस्ता आणि पार्क चौकाकडे उन्हाळ्यात उशिरापर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं गाड्यांवर खायला आलेली असतात. बाईमाणसाने एकटीने जायचं तर अशाच, मुलंबाळं असलेल्या गर्दीत जावं. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेव. तुझ्या धाडसाबद्दल मला शंका नाही, पण नव्या गावात रस्त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. रमजानात विजापूर वेशीतला रात्रीचा बाजार चुकवू नकोस. बांगड्या, अत्तर, शेवया, कोळशावरचे शीक कबाब, आणि दखनी उर्दूतली घासाघीस. ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन जा, त्यांना दुकानं ठाऊक असतात.

आणि जानेवारीत रजा राखून ठेव. सिद्धेश्वराची यात्रा हा आपल्या गावाचा सगळ्यात मोठा सोहळा आहे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. एका कुंभाराच्या मुलीला त्यांच्याशी लग्न करायचं होतं, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. तो विवाह आजही दर वर्षी लागतो. पहिल्या दिवशी सात मानाच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, गावभरच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तो उंच, जड नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतात आणि सगळा जमाव "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मग होम आणि शोभेचं दारूकाम. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा, पुढे बरेच दिवस चालतो, तिथे पाळणे आणि खाऊच्या दुकानांसाठी रात्रीच जायचं. अक्षतेला मात्र सकाळी लवकर जाऊन जागा धर, नंतर पाय ठेवायला मिळत नाही.

यात्रेच्याच सुमारास, १२ जानेवारीला, चार पुतळ्यांपाशी जा. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांचं राज्य काही दिवस झुगारून दिलं होतं आणि सरकारने इथे मार्शल लॉ लावला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. चारही नावं सावकाश वाच. आजही आपल्या प्रत्येक पेठेत अशी नावं शेजारी शेजारी राहतात, याचा मला फार अभिमान वाटतो. त्याच भागात फिरताना भैया चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घरही बघून घे, आता तिथे स्मारक आहे. १९३८ साली हा तरुण डॉक्टर चीनमधल्या जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ साली तिथेच वारला. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव तर तुझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहेत.

एक गोष्ट मात्र मी तुला एकटीला करू देणार नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो माणसं रात्रभर चालत जातात. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. त्या रात्री वाहनं दुसरीकडून वळवतात, रस्ता चालणाऱ्यांचा होतो आणि ठिकठिकाणी लोक चहा, फळं, खिचडी हातात देतात. यायचं असेल तर आत्तापासून रोज संध्याकाळी तलावाला दोन फेऱ्या मार. नवे बूट घेऊ नकोस, वापरातले, सैल झालेले असू देत. सुती मोजे दोन जोड, एक ओढणी आणि पाण्याची बाटली, याहून जास्त ओझं नको. आमचा बायकांचा गट रूपाभवानीच्या देवळापासून निघतो. सकाळी दर्शन झालं की एसटीने परत येतो. दुसऱ्या दिवशीची रजा आधी टाकून ठेव आणि येतेस की नाही ते दसऱ्याच्या आत कळव, म्हणजे तुझं नाव गटात धरता येईल.

तुझी,
काकू