जुन्या पोस्टपासून सुरू कर

प्रिय मित्रा,

तुझी यादी बघितली. वाचायच्या ब्लॉगांची चाळीस नावं! त्यातला एक तरी सलग वाचलास का? रागावू नकोस, हा उद्योग मीही केलाय. खूण करून ठेवलेलं पान म्हणजे वाचलेलं पान, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

चारच ठेव. आणि ताजी पोस्ट सोडून पार तळातल्या पोस्टपासून सुरू कर. आठ-दहा वर्षं स्वतःच्या हौसेनं लिहिणारा माणूस एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगतो आणि तीन वर्षांनी स्वतःच ती खोडतो. मधल्या काळात काय घडलं ते शोधत जा. पाठ्यपुस्तकात ही खोडाखोड सापडत नाही, तिथं नुसतं उत्तर उरलेलं असतं.

गणितज्ञ टिम गॉवर्स यांचंच बघ. फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळून दहा वर्षं उलटलेला हा माणूस २००९ च्या सुरुवातीला ब्लॉगवर एक प्रमेय मांडतो आणि म्हणतो, याची नवी, साध्या मूलभूत साधनांनी होणारी सिद्धता आपण सगळे मिळून शोधू. अर्धवट सुचलेलंही लिहा. दोन महिन्यांच्या आत वाट सापडली, आणि शोधनिबंध डी. एच. जे. पॉलीमॅथ या सामूहिक टोपणनावानं निघाला. तुला गणित कळायची गरज नाही. एवढी मोठी माणसं 'हे चालणार नाही बहुतेक' असं सगळ्यांसमोर किती सहज लिहितात, तेवढं बघ.

लिंकवर मात्र जरूर भटक. एका प्रोग्रॅमरचा ब्लॉग मी निव्वळ कोडसाठी वाचायचो. त्यानं एकदा जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कुणाची लिंक दिली. तो गृहस्थ काढलेला प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमानं ताटलीत मांडायचा आणि पुढचा काढण्याआधी फोटो घ्यायचा. कशालाही हात लावण्याआधी आहे ते जसंच्या तसं टिपून ठेवायचं, ही माझी कामातली सवय त्या ताटलीतून आली.

आरएसएस रीडर वापर, म्हणजे निवडलेल्या ब्लॉगांच्या नव्या पोस्ट (त्यांची 'फीड') आपोआप एका जागी आणून देणारं साधन. सोय जुनी आहे, १९९९ ची. २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झालं तेव्हा लोकांनी आरएसएसचं तेरावंही उरकलं, पण फीड अजून चालतात. सहा महिन्यांतून एकदा लिहिणारा माणूस तिथं हरवत नाही, आणि तसेच लोक बरेचदा वाचण्याजोगं लिहितात.

एक सांभाळ. ब्लॉगला संपादक नसतो. 'मी असं केलं, असं झालं' यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. 'सगळीकडे असंच होतं' म्हटलं की पडताळून बघ. औषधं आणि पैसा यांबाबतीत तर दोनदा.

आणि वाचून झालं की पान बंद करून, न बघता, वहीत तीन ओळी लिही. नाही आल्या तर परत वाच. मला अजूनही कधीकधी परत वाचावं लागतं.

चार कोणते ठेवलेस ते कळव. घड्याळवाल्याची लिंक शोधून पाठवतो.

तुझा,
दादा